एकशेवीसवर अडकलेला काटा

त्या लाल गाडीचं टॉप ताशी एकशेवीस होतं. त्याच्या वर ती कधी गेली नाही, जाऊ शकत नव्हती. ही ऐकीव गोष्ट नाही. शाळेचं स्टॉपवॉच हातात धरून, तिच्या पुढच्या सीटवर बसून, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड बघत मी ते मोजलेलं आहे. पाटोद्यात माझ्या वयाच्या कुणालाही आज विचारलं तर तो सांगेल, ती एकशेसाठ पळायची, आम्ही डोळ्यांनी काटा बघितलाय. त्यांनी बघितला हे खरं आहे. त्यांनी बघितलेलं ते एकशेसाठ मी तयार केलं होतं. त्यापायी एका माणसाचं आयुष्य गेलं, आणि तेही माझ्याच हातून. गाडीचे मालक गेले, पंचनामा लिहिणारे जमादार त्याआधीच गेले. आता हे खरं म्हणून सांगणारा मी एकटा उरलो आहे आणि माझं वय ऐंशीला टेकलं आहे.

बसस्टँडसमोर माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांचं किराणा दुकान थोरल्या भावाकडे गेलं आणि मी डोळ्याला भिंग लावून बसलो. दुकानात मोठं भिंतीवरचं घड्याळ होतं, ते मी रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याला लावून घ्यायचो. एसटीचे कंडक्टर त्याच्यावर आपलं घड्याळ मिळवायचे. रमजानात समोरचे फळवाले रोजा सोडायच्या वेळेला माझ्या दाराकडे तोंड करून उभे राहायचे. लग्नात मुहूर्तावरून वाद झाला तर कुणीतरी पळत यायचं, “आप्पा, किती वाजले?” मी सांगितलं की वाद संपायचा. माझ्याकडे जमीन नव्हती, पैसा नव्हता, घरात कुणी साहेब झालेलं नव्हतं. हे एवढंच होतं. आप्पाच्या दुकानातला काटा खोटं बोलत नाही, ही गावाची समजूत मला जेवणासारखी लागायची.

मग ती नवी वर्षं आली. बाजारात सगळंच बाहेरचं येऊ लागलं, त्यात सेलवर चालणारी प्लास्टिकची घड्याळंही आली. बंद पडली की लोक फेकून द्यायचे. माझं खरं कसब बालकमानीचं. केसाएवढ्या तारेची ती गुंडाळी घट्ट केली की घड्याळ पुढे पळतं, सैल केली की मागे पडतं. ती चिमट्यात धरायची वेळ महिन्यातून एखादवेळी यायला लागली. पोटासाठी मी मोटारसायकलींचे आणि जीपांचे स्पीडचे मीटर दुरुस्त करू लागलो. त्यांच्या आतही तशीच एक कमानी असते. चाकापासून आलेली वायर एक लोहचुंबक फिरवते, ते काट्याला ओढतं आणि कमानी त्याला मागे धरून ठेवते. दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो वेग.

लाल गाडी आली तेव्हा शतक संपायला दोन-तीन वर्षं राहिली असतील. रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामं घेणारे एक गुत्तेदार होते, त्यांना सगळे दादा म्हणायचे. त्यांनी ती थेट पुण्याहून चालवत आणली. गाडी लहान, चार माणसांत भरणारी, पण बसकी, रुंद टायरची, मागे काळा पंख लावलेली. आमच्याकडे तोवर जीप आणि जुन्या अवजड मोटारी, त्यांच्यात ती रेसच्या घोड्यासारखी दिसायची. गुळगुळीत कागदावरचं तिचं माहितीपत्रक दादांच्या शर्टाच्या खिशात असायचं. त्यात वेग एकशेसाठ छापला होता.

त्या काळी आमच्याकडे एक पद्धत पडली होती. नवी गाडी घेतली की पेढे वाटायचे आणि मग चार माणसं बसवून माळावरच्या सरळ रस्त्याला न्यायचं, काटा दाखवायला. मागे बसलेले पुढच्या सीटच्या मधून माना घालून आकडा मोठ्याने वाचायचे: नव्वद, शंभर, एकशेदहा. परत आल्यावर ते चौघे हॉटेलात साक्षीदार. गाडीची किंमत कुणी विचारत नसे. पहिला प्रश्न एकच, “टॉप किती?”

दादांच्या गाडीचा काटा एकशेतीसच्या पुढे जाईना. गावात एका कापूस व्यापाऱ्याची जुनी मोठी मोटार होती, तिचा काटा एकशेचाळीसला लागल्याचे साक्षीदार होते. हॉटेलात तो दादांना म्हणाला, “मंग ते पंख कावून लावलेत, दादा? उडंना तर काडून घरी न्या. कोंबडी तरी बसंल त्याच्यावर.”

हॉटेल हसलं. मीही हसलो, मी बाकावर होतो. दादा हसले नाहीत. संध्याकाळी ते दुकानात आले आणि म्हणाले, “आप्पा, मीटर कमी दावतंय. कंपनीनं छापलंय ते खोटं असतंय का? उद्या सकाळी डायवरला घिऊन जा आन काय ते बघा.”

त्यांचा ड्रायव्हर तिशीचा होता. त्याच्या वडिलांचं स्टँडमागे गॅरेज होतं, त्यामुळे तो लहानपणापासून गाड्यांच्या खालीच वाढलेला. सडपातळ, कमी बोलणारा, पण बोलला की हसवणारा. गुरं आडवी आली तर हॉर्न न वाजवता काच खाली करून त्यांना “चला, चला माय” म्हणणारा ड्रायव्हर मी तो एकच पाहिला. एसटीत भरतीसाठी त्याने अर्ज केला होता, परीक्षा पास झाला होता आणि ऑर्डरची वाट बघत होता. त्याच्या घरात तोवर कुणाला पगाराची नोकरी लागली नव्हती.

सकाळी सातला आम्ही माळावर गेलो. शाळेचं स्टॉपवॉच दुरुस्तीला आलेलं होतं, ते मी बरोबर घेतलं. तीन किलोमीटर रस्ता बाणासारखा सरळ, दोन्ही बाजूंना नुसता माळ. त्याने गाडी लांबून पळवत आणली.

“पाय पूर्ण टाकलाय का?” मी ओरडून विचारलं.

“आप्पा, अजून टाकला तर रस्ता लागंल पायाला!”

पहिला दगड गेला, मी बटण दाबलं. दुसरा दगड, एकतीस सेकंद. तिसरा, तीस. परत फिरून मोजलं, पुन्हा तीस. तीस सेकंदाला किलोमीटर म्हणजे ताशी एकशेवीस. काटा तेव्हा एकशेतीसवर थरथरत होता. म्हणजे कंपनीचा काटाच थोडा वाढवून दाखवत होता आणि खरी गाडी त्याच्याहूनही हळू होती. छापील एकशेसाठ कुठे गेलं, मला ठाऊक नाही. आमच्याकडचं भेसळीचं पेट्रोल असेल, रस्ता असेल, नाहीतर कागदावरची गाडी वेगळी असेल.

मी दादांना जसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ माझ्या काउंटरवरच्या काचेला बोट घासत राहिले. मग म्हणाले, “गाडी किती पळती ते मी इचारलंच न्हाई, आप्पा. काटा एकशेसाठला लागला पायजे. तुमाला जमतंय का न्हाई, तेवडं बोला.”

मी नाही म्हणू शकलो असतो. दादांचं माझ्यावर कसलंही ओझं नव्हतं, दुकान माझ्या स्वतःच्या जागेत होतं. पण कितीतरी महिन्यांनी कुणीतरी मला कमानीचं बारीक काम सांगत होतं, आणि ‘तुमाला जमतंय का’ असं विचारत होतं. मी म्हणालो, “न जमायला काय झालं?”

ड्रायव्हरने मीटर काढून आणलं. मी ते उघडलं, कमानी सैल केली, चाचणीसाठी वायर फिरवून पाहिली, पुन्हा सैल केली. दोन तास लागले. इतकं नाजूक काम मी परत कधी केलं नाही. काटा शून्यावर शून्यच दाखवायचा, म्हणजे उभ्या गाडीत कुणाला संशय यायला नको. पण गाडी चालू झाली की तो खऱ्या वेगाच्या पुढे पळायचा. खऱ्या साठाला ऐंशी, खऱ्या नव्वदाला एकशेवीस, खऱ्या एकशेवीसला एकशेसाठ.

ड्रायव्हर समोर बसून बघत होता. तो म्हणाला, “आप्पा, नका करू. मंग मला कसं कळायचं कितीनं चाललोय ते?”

“सोपं हाय,” मी म्हणालो. “काट्यातले चार म्हंजे खरे तीन. डोक्यात ठिव.”

“चाराला तीन.” त्याने बोटांवर करून बघितलं. “म्हंजे हाटेलातल्या भज्याच्या पलेटीवानी. चार मागवायची, तीन यायची.”

आम्ही दोघे खूप हसलो. मीटर बसवलं गेलं. त्या आठवड्यात गावातली निम्मी माणसं माळावर जाऊन एकशेसाठ वाचून आली. कापूस व्यापारीही जाऊन आला आणि हॉटेलात गप्प बसला. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. हे गुपित आम्हा तिघांत राहिलं.

दादांची आई गाडीत बसायला घाबरायची. सत्तरी उलटलेली, ठेंगणी, गळ्यात लिंग, हातात सतत रुद्राक्षाची माळ. तिने ड्रायव्हरला शपथ घातली होती की काटा साठाच्या पुढे न्यायचा नाही. मागून सारखी वाकून विचारायची, “किती झालं रं लेकरा?” तो म्हणायचा, “साठ, माय.” ती खूश. तो मला दुकानात येऊन सांगायचा, “आप्पा, मायला वाटतंय साठनं चाललोय. हाय पंचेचाळीस. काल एका लूनावाल्यानं मागून येऊन आमाला वलांडलं, मला लई लाज वाटली बगा.” त्या म्हातारीचा त्याच्यावर जीव होता. देवाला जायचं असलं की दुसरा ड्रायव्हर तिला चालत नसे. गाभाऱ्यातून परत आली की आधी त्याच्या हातावर प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा ठेवायची, मग घरच्यांच्या.

गाडीचे पुढचे टायर झिजले होते. हे त्याने दादांना दोनदा माझ्यासमोर सांगितलं. तसले रुंद टायर बीडला मिळत नव्हते, पुण्याहून मागवावे लागायचे. दादा म्हणाले, “मागवू की. पळतंय तवर पळू दे.”

श्रावणातल्या एका सोमवारी तो म्हातारीला घेऊन धर्मापुरीला गेला होता, तिथल्या जुन्या देवळात. दुपारी चारच्या सुमाराला परत येताना, गाव दोन किलोमीटर राहिलं असताना, पुढचं डावं टायर फुटलं. गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. म्हातारी जागेवरच गेली. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं आणि कपाळ फुटलं, पण तो शुद्धीवर होता. त्याला दवाखान्यात नेल्यानंतर मी तिथे पोचलो.

मी आपणहून गेलो नव्हतो. जमादारांनी पंच म्हणून बोलावलं होतं. अपघाताचा पंचनामा करायचा तर दोन प्रतिष्ठित माणसं लागतात, आणि आमच्या गावात प्रतिष्ठित म्हणजे स्टँडसमोरचे दुकानदार. दुसरा पंच एक शिंपी होता, तो गाडीजवळ यायलाच तयार नव्हता. जमादार मोडक्या दारातून आत वाकले. पुढचा सगळा भाग दबून मीटरची काच फुटली होती आणि फुटलेल्या काचेखाली काटा चेंगरून बसला होता.

“आप्पा, तुमीच बघा,” जमादार म्हणाले. “तुमाला काट्यातलं कळतं. कितीवर हाय?”

मी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वाकलो.

“एकशेवीस,” मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. लिहीत असतानाच माझ्या डोक्यात हिशेब झाला होता: एकशेवीसच्या चार भागांतले तीन, नव्वद. मला वाटलं, आत्ता नको, माणसं जमली आहेत, बाभळीखाली म्हातारीला झाकून ठेवलंय, दादा मातीत बसलेत. नंतर सांगू. मी खाली सही केली. माझी सही वळणदार आहे, जमादार नेहमी तिचं कौतुक करायचे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याचा जबाब झाला. त्याने सांगितलं, गाडी नव्वदला होती, माय मागं झोपली होती, टायर फुटलं. जमादार म्हणाले, काटा एकशेवीसवर आहे. तो म्हणाला, “काटा खोटा हाय. आप्पानं कमानी सैल केलीया. चाराला तीन. आप्पाला इचारा, ते सांगतील.”

संध्याकाळी जमादार दुकानात आले. बाकावर पाच-सहा माणसं बसली होती, अपघाताचीच चर्चा चालू होती. गाव पेटलेलं होतं. म्हातारी सगळ्यांची माय होती, आणि ज्याच्या हवाली तिला केलं त्यानेच एकशेवीसनं नेऊन झाडावर घातलं, असं चाललं होतं. दादाही तिथे होते. सुतकात बाहेर पडू नये, तरी ते आले होते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

“आप्पा, एक इचारायचंय,” जमादार म्हणाले. “त्यो डायवर म्हनायलाय, तुमी मीटर खोलून काटा पुढं केलता. खरं हाय का?”

बाकावरचा एकजण म्हणाला, “घ्या! आता आप्पाच्या गळ्यात घालायलाय बे त्यो. आप्पा काटा खोटा करतेत व्हय? निम्मा तालुका आप्पाच्या घड्याळावर उटतो.”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यावर ते भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मी इतकंच म्हणायचं होतं, हो, केला. दादांनी सांगितलं म्हणून केला, आणि मला जमतं हे दाखवायला केला. तेवढ्याने एक माणूस सुटला असता, आणि माझं काय गेलं असतं? बाकावरची माणसं उठून गेली असती. कंडक्टरने दुसरीकडे घड्याळ मिळवलं असतं.

“न्हाई,” मी म्हणालो. “मी त्या मीटरला हात लावला न्हाई.”

दादांनी माझ्याकडे बघितलं, एकदाच. त्यांना सगळं ठाऊक होतं. टायरचंही ठाऊक होतं. मला वाटलं ते बोलतील, त्यांची तर आई गेली होती. ते चप्पल घालून निघून गेले. त्यानंतर आम्ही पुन्हा कधी एकमेकांशी बोललो नाही. रस्त्यात समोर आलो तर दोघांपैकी एकजण बाजूच्या दुकानात शिरायचा.

मला कुणी धमकावलं नाही. कुणी पैसे देऊ केले नाहीत. माणसाला खोटं बोलायला काहीतरी मोठं कारण लागतं असं मला तरुणपणी वाटायचं. माझं कारण बाकावर बसलेली पाच-सहा माणसं होती. त्यांतली निम्मी पुढे वारली, उरलेल्यांना ती संध्याकाळ आठवतसुद्धा नसेल.

खटला उभा राहायला दोन वर्षं लागली. या दोन वर्षांत रोज सकाळी मी जाऊन सांगू शकलो असतो. मी एकदा पोलीस ठाण्याच्या फाटकापर्यंत गेलोही होतो. तिथे जमादारांनीच हटकलं, “या आप्पा, काय काम काढलं?” मी म्हणालो, “तुमच्या ठाण्याचं घड्याळ मागं पडलंय म्हनून ऐकलं.” आणि आत जाऊन मी खरोखर ते घड्याळ काढलं, दुरुस्त केलं आणि परत बसवलं.

कोर्टात मला एकच प्रश्न विचारला गेला. घटनास्थळी मीटरचा काटा एकशेवीसवर स्थिर होता काय? मी म्हणालो, होता. ते खरंच होतं. तो समोर कठड्याला धरून उभा होता. एक खांदा कायमचा खाली आलेला. त्याने माझ्याकडे बघत कठड्यावर हाताची चार बोटं ठेवली आणि एक बोट मिटलं. रागाने नाही. मी विसरलो असेन तर मला आठवण करून द्यावी, अशा बेताने. त्याच्या वकिलाने मला काही विचारलं नाही. मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरलो.

त्याला काही महिन्यांची शिक्षा झाली. एसटीची ऑर्डर खटल्यात अडकली होती, ती शिक्षेने कायमची गेली. सुटून आल्यावर त्याच्या हातात गावातल्या कुणी किल्ली दिली नाही. टेम्पो नाही, ट्रॅक्टरसुद्धा नाही. लोक म्हणायचे, अपघात कुणाच्याही हातून होईल, पण याने वर खोटं सांगितलं आणि आप्पासारख्याचं नाव घेतलं. त्याच्या वडिलांच्या गॅरेजात गिऱ्हाईक येईना. वडील एकदा माझ्या दुकानासमोरून जाताना थांबले, आत बघितलं आणि म्हणाले, “आप्पा, पोराचं चुकलं, माफ करा.” मी मान हलवली. माफ केल्यासारखी हलवली. वर्षभरात गॅरेज बंद करून ते कुटुंब मुलाच्या सासुरवाडीला, नांदूरघाटला निघून गेलं.

मी मात्र दुकानात बसलो, म्हातारा झालो. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघणंही पुढे कमी झालं, लोकांच्या खिशात मोबाइल आले. ज्या नावासाठी मी नाही म्हणालो होतो ते नाव दहा वर्षांत आपोआपच पुसलं गेलं.

गेल्या वर्षी दादा वारले. त्यांच्या तेराव्याला मी गेलो होतो. तिथून परतल्यावर मला दोन दिवस अन्न गेलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवीत औषधं टाकून नांदूरघाटची गाडी धरली.

रस्त्याकडेला त्याचं पंक्चरचं दुकान होतं, पत्र्याचं. दाढी पांढरी झाली होती, पण खाली आलेल्या खांद्यावरून मी लगेच ओळखलं. तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. मला बघून उभा राहिला.

“आप्पा? तुमी? एवडं लांब कशाला आलात, फोन करायचा की कुनाला तरी.” त्याने स्टूल ओढलं, स्वतःच्या गमछ्याने पुसलं, पलीकडे ओरडून चहा सांगितला. वडील कधी वारले, मुली कुठे दिल्या, सगळं सांगत राहिला. मी चहा संपवला. मग सांगितलं. मी सगळंच सांगितलं, काही वगळलं नाही. दुकानात जमादारांना काय म्हणालो, ठाण्याच्या फाटकापर्यंत जाऊन कसा परत आलो, तेही. शेवटी म्हणालो, “तू खरं बोलत व्हतास. गाडी नव्वदलाच व्हती.”

त्याने ट्यूब पाण्यातून काढून बाजूला ठेवली.

“न्हाई आप्पा,” तो म्हणाला. “एकशेवीसला व्हती.”

“अरे, काटा मी सैल केलता. तुझ्यासमोर केलता.”

“केलता की. मला ठावं हाय. पन मागून तुमी नीट केला असंल. दादाच्या मनात नंतर आलं असंल, तुमाला सांगितलं असंल, मला सांगायचं राहिलं असंल.” तो अगदी शांतपणे बोलत होता, जणू हे त्याने अनेकदा कुणाला तरी समजावून सांगितलं होतं. “जेलात लई इचार केला मी. आदी तुमचा लई राग यायचा. मंग वाटलं, आप्पा कावून खोटं बोलतील? त्यांना काय मिळायचं त्यात? कोनताच मेळ लागंना. मंग ध्यानात आलं, काटा नीट झालता आन मी आपला चाराला तीन करत बसलो. मला वाटायचं नव्वद हाय, आन खरं एकशेवीस. सगळा पाय टाकल्याला. माय मागं झोपलेली. मीच मारलं मायला.”

“तसं न्हाई रं. मी काटा परत कधी नीट केला न्हाई. कसम घेतो.”

“आप्पा, कसम नका घेऊ.” तो माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला. “तुमचं वय झालंय. माझ्यासाटी तुमी यवड्या लांबून आलात, माझं मन हलकं करायला, हे मला कळतंय. आजकाल कोन करतं एवडं? पन माझ्यापायी तुमी खोटं नका बोलू. तुमाला जमत न्हाई ते.”

मी पुन्हा सांगितलं. कमानी कुठून धरली, किती सैल केली, काटा किती हलला. मी त्याला तीस सेकंद सांगितले, दगड सांगितले. तो मान हलवत ऐकत होता, आजारी माणसाचं ऐकतात तसं. मध्ये एक मोटारसायकलवाला आला, त्याच्या चाकात हवा भरून तो परत येऊन बसला. माझा आवाज चढला तसं त्याने आतून पाणी आणून दिलं.

“रोज पाच वेळा माफी मागतो मी मायची,” तो म्हणाला. “पंचवीस वर्सं झाली. आता कुटं जरा झोप लागती.”

मी बोलत राहिलो असतो तर त्याची ती झोपही गेली असती किंवा त्याने मला वेडा ठरवलं असतं, आणि यांपैकी काय बरं ते मला ठरवता येईना. लांबून बीडकडे जाणारी बस येताना दिसली. त्याने रस्त्यात जाऊन हात करून ती थांबवली, माझा दंड धरून मला पायरीवर चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, “आप्पाला पुडं बसवा. मोटं मानूस हाय. पाटोद्याला जायचंय, पुडची गाडी दावून द्या.”

मी दारातून वळून म्हणालो, “नव्वद व्हतं.”

“व्हय व्हय, आप्पा,” तो म्हणाला. “बसा आता.”